कफन कोणी आणायचं

शाकिर कैरोहून येणार म्हणून सकाळपासून घर झाडून-पुसून तयार होतं, पण चुलीवर कॉफीचं भांडं काही चढलं नव्हतं. ते चढणारच नव्हतं. गोऱ्या शिपायांनी दियाबला कबुतरखान्याच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, त्या वसंतापासून या घरात कॉफी उकळलेली नव्हती. मयताच्या घरी लोक कडू कॉफी प्यायला येतात, आणि लोक यायचे तर आधी रक्ताचा निवाडा, म्हणजे सूड किंवा समेट, व्हावा लागतो. नजा सवाकी गावात ही रीत कोणी कोणाला समजावून सांगत नाही. निवाडा नाही तोवर दुखवटा नाही. दियाबचं दफन झालं, नमाज झाली, आणि माणसं हाताची माती झटकून, मान खाली घालून आपापल्या घरी निघून गेली. 'त्याचं उरलेलं आयुष्य तुला लागो,' दुखवट्याला आलेल्यानं म्हणायचं एवढंसं वाक्य. पण दियाबच्या बायकोला, वसीलाला, ते आजपर्यंत एकाही माणसानं ऐकवलं नव्हतं. तिला मोठ्यानं रडायचीसुद्धा सोय नव्हती. चार वर्षं ती हुंदका गिळून पीठ मळत होती.

"ताई, तुम्ही तरी आज जरा बरे कपडे घाला," धाकटी जाऊ सनिय्या म्हणाली. तिनं डोळ्यांत सुरमा घातला होता. दियाब, शाकिर आणि खलफ या तिघा भावांतला तिचा नवरा खलफ धाकटा. दियाबला ओढत नेताना पाहून त्यानं एका शिपायाच्या डोक्यात लाठी घातली होती. लष्करी कोर्टानं त्याला पंधरा वर्षं ठोठावली. तेव्हापासून तो राजधानीजवळच्या खाणीत दगड फोडत होता.

"कपडे काळे आहेत तेच बरे आहेत," वसीला म्हणाली.

"मी आपलं सांगितलं. भावजी काहीतरी चांगलं घेऊन येतायत. माझा डावा डोळा आठवडाभर लवतोय."

"तुझा डोळा गेल्या वर्षीही लवत होता."

सनिय्यानं तोंड वाकडं केलं, पण हसलीही. दोघींचं तसं बरं चाललं होतं. एकीचा नवरा जिवंत असून जवळ नव्हता, दुसरीचा मेला असूनही घरातून गेला नव्हता.

शाकिर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गोंड्याची लाल टोपी, इस्त्रीचा कोट, आणि स्टेशनपासून गाढवावर बसून आल्यामुळे कमरेत धरलेली उसण. कैरोत मोठ्या लोकांच्या वाटाघाटी चालत, तिथे तो इंग्रजीचं अरबी आणि अरबीचं इंग्रजी करून द्यायचा. वकिली शिकला होता म्हणून मसुदेही बघायचा. आईच्या हाताचं चुंबन घेऊन तो चटईवर टेकला. आई नबविया ओट्यावर बसली होती. तिच्या शेजारी तिचा भाऊ मेतवल्ली, गावचा मुखिया, हज करून आलेला, हातात जपमाळ. या घरात कोणताही विचार त्याच्याशिवाय होत नसे.

"बोल रे," मामा म्हणाला. "तोंडावरून तर दिसतंय काहीतरी आणलंयस."

"उठतोय, मामा," शाकिर म्हणाला. "लष्करी कायदा उठतोय. मोठ्या ईदच्या आत."

शुभवार्तेला बायका जीभ हलवून काढतात तो आनंदाचा चीत्कार काढायला सनिय्यानं जीभ वर उचलली, तेवढ्यात सासूनं हात वर केला. "थांब. या घरात अजून रडणं झालं नाही. हे कसलं घेऊन बसलीस?"

सनिय्यानं तोंड मिटलं, पण तिचे डोळे काही ऐकेनात.

"गेल्या वर्षी म्हणे आपण स्वतंत्र झालो," मेतवल्ली म्हणाला. "मीच दवंडी पिटवली. दुसऱ्या दिवशी इंग्रजांचाच शिपाई माझ्या दारात उभा. तसलंच स्वातंत्र्य का हे?"

"तेव्हाच त्यांनी अट घातली होती मामा. आपल्या सरकारनं आधी एक कायदा करायचा, मग ते लष्करी कायदा मागे घेणार. वर्षभर त्याच्यावरच घासाघीस चालली आहे. आपले मंत्री म्हणतात, आधी कैदी सोडा. ते म्हणतात, आधी कायदा करा. एकेका शब्दावर आठवडा जातो. मी स्वतः एक कलम पाच वेळा भाषांतर करून दिलंय. आता जमलंय. हद्दपार करून बेटांवर पाठवलेले पुढारीसुद्धा परत येतायत."

"आणि खलफ?" सनिय्यानं विचारलं.

शाकिरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वसीलाच्या तेवढ्यात लक्षात आलं, की याला जे सांगायचंय ते हिला नाही, आपल्याला सांगायचंय.

"शिक्षा झालेल्यांची प्रकरणं पुन्हा तपासणार आहेत. खलफचं नाव पहिल्या खेपेत आहे. म्हणजे होतं." तो वसीलाकडे वळला. "वहिनी, तुमचा अर्ज."

दोन वर्षांपूर्वी शाकिरनंच तो अर्ज लिहून दिला होता. माझा नवरा दियाब याला चौकशी न करता मारलं. गोळी घालायचा हुकूम कोणी दिला आणि घर कोणी दाखवलं, ते कोर्टात उघड व्हावं, एवढंच त्यात होतं. खाली वसीलाचा अंगठा. अर्ज फिरत फिरत लंडनला पोचला आणि तिथल्या विरोधी पक्षाच्या एका सभासदानं त्यावर पार्लमेंटात प्रश्न विचारला. गावात ही बातमी कळली तेव्हा लोक वसीलाला वाट देऊन बाजूला उभे राहू लागले होते.

"अर्जाचं काय?" ती म्हणाली.

"त्यांचं म्हणणं, ज्या गावच्या तक्रारी चालू आहेत तिथले कैदी तूर्त बाजूला ठेवावेत. लिहून कोणी दिलेलं नाही. चहा पिता पिता सांगितलं. तुम्ही अर्ज मागे घेतलात, तर खलफ ईदला घरी येईल."

"मग घ्या की!" सनिय्या उसळली. "ताई, एक अंगठा तर द्यायचाय!"

"कसला अंगठा?" मेतवल्लीचा आवाज एकदम चढला. "दियाबचं रक्त आहे ते! ते काय अंगठ्यानं पुसायचंय? कायदा उठू दे, कोर्टं मोकळी होऊ देत, मग बघू एकेकाला. वसीला, तू मुळीच अंगठा देऊ नकोस. मी आहे तुझ्यामागे."

वसीलाची बाजू आजवर या घरात कोणी एवढ्या मोठ्यानं घेतली नव्हती. सासू तर एका मुलाकडे बघावं की दुसऱ्याकडे, या फेऱ्यात सापडली होती.

"मामा, माझा नवरा जिवंत आहे हो," सनिय्या म्हणाली. "त्याचे हात बघितलेत तुम्ही? मी बघितलेत. बोटं वळत नाहीत त्याची. आणि तुम्ही इथे ओट्यावर बसून रक्ताच्या गोष्टी करताय!"

"सनिय्या!" सासू म्हणाली.

"बोलू दे तिला," मामा म्हणाला, आणि त्यानं जपमाळेचे मणी भराभरा पुढे ढकलले.

"मामा, कोर्टं मोकळी होणार नाहीत," शाकिर म्हणाला. "या बाबतीत तरी नाही. आपल्या सरकारनं करायचा तो कायदा त्याच्यासाठीच आहे. लष्करी कायद्याच्या काळात हुकमानं जे जे झालं, त्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. आजही नाही, पुढेही नाही. वहिनींनी अर्ज ठेवला काय आणि काढला काय."

"म्हणजे माफी," वसीला म्हणाली.

"माफी नव्हे वहिनी. माफीत गुन्हा कबूल असतो. यात गुन्हा घडलाच नाही, असं धरून चालायचं."

हे वाक्य तो सरकारी आवाजात बोलायला गेला, पण ते मध्येच घोगरं झालं. वसीलाला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. ज्या कलमानं त्याच्या भावाचं मरण बेपत्ता होणार होतं, ते त्यानं पाच वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं होतं.

ती उठून पाणी आणायला गेली. रांजणापाशी उभं राहिलं की खिडकीतून कबुतरखाना दिसायचा, आणि त्याला लागून तिचं स्वतःचं घर. म्हणजे घराच्या जळक्या भिंती. गल्लीच्या अगदी शेवटी. तिथवर यायला तीन वळणं घ्यावी लागतात. त्या पहाटे ती भट्टीवर भाकऱ्या भाजायला गेली होती. शिपायांची रांग तिच्यासमोरून गेली. एकाही दारावर त्यांनी थाप मारली नाही, कोणाला विचारलं नाही. ओळखीच्या घरी जावं तसे सरळ शेवटच्या दाराशी जाऊन थांबले. तिच्या अर्जातला दुसरा प्रश्न तिथून आला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लंडनमध्ये असेल. दुसऱ्याचं इथेच कुठेतरी असणार, एवढं तिला पहिल्यापासून कळत होतं.

तिनं पाण्याचा घडा आणून शाकिरसमोर ठेवला.

"भावजी, तो कायदा नक्की कोणाकोणाला सोडतो? फक्त गोऱ्यांना?"

"नाही. आपल्यालाही. म्हणजे हुकूम मानून ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना. अधिकारी, पोलीस, कारकून..." तो आठवून आठवून बोलत होता, "...गावोगावचे मुखिये."

"मुखिये कशाला त्यात?"

"सगळ्यांसाठी लिहिलंय, वहिनी. तसाच मसुदा असतो."

जपमाळेचा आवाज थांबला होता. वसीलानं मामाकडे बघितलं नाही. तिनं सासूकडे बघितलं. नबविया आपल्या भावाकडे बघत होती. बाजारात हरवलेलं मूल सापडावं, आणि ते आपलं नसावं, तसं तिचं बघणं होतं.

सनिय्याला यातलं काही कळलं नव्हतं. ती आपल्याच रागात होती. "मला तर एकच कळत नाही. कोर्टात काही होणारच नाहीये, तरी मामा नको म्हणतात. माझा नवरा सुटून आला तर मामांचं काय जातंय?"

शाकिरनं मामाच्या थांबलेल्या जपमाळेकडे बघितलं. आणि उत्तर सगळ्यांनाच कळलं. शाकिर पांढरा पडला. खलफ तापट होता. रक्ताच्या रीतीपुढे मामा-भाचा असं काही तो बघणार नव्हता. तो घरी आला, आणि घर कोणी दाखवलं हे त्याच्या कानावर गेलं, तर नजा सवाकीत आणखी एक मयत पडलं असतं आणि खलफ पुन्हा खाणीत गेला असता, किंवा फासावर.

वसीलानं हात ओढणीत गुंडाळून घेतले. त्या क्षणी तिला मामाच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला, हे खरं. 'मी आहे तुझ्यामागे,' म्हणे! पण नाव घेतलं की संपलं. नाव एकदा तोंडातून बाहेर पडलं की पुरुषांना हत्यार उचलावंच लागतं. मग ते उचलायची इच्छा असो नसो. म्हणून ती कोणाचंच नाव न घेता, भिंतीशी बोलावं तशी बोलली.

"मी अंगठा देते. पण रिकाम्या हातांनी नाही. हा कायदा ज्यांना ज्यांना सोडतोय, त्यातल्या एकानं तरी अनवाणी या अंगणात यावं. डोकं उघडं टाकून, आपलं कफन दोन्ही हातांवर घेऊन. आपल्याकडे जसं येतात तसं. गोरा येणार नाही, मला माहीत आहे. कोणीतरी यावं. खलफभावजी सुटायच्या आत यावं. कफन एकदा घेतलं की रक्त मिटतं. मग त्यांनाही हात उचलता येणार नाही."

"वहिनी," शाकिर हळूच म्हणाला, "आणि कोणीच आलं नाही तर?"

"तर मी अंगठा देणार नाही. सनिय्या, तू मला जन्मभर शिव्या दे."

सनिय्या रडायला लागली. मेतवल्ली उठला. उठताना त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला. तो दारापर्यंत गेला तेव्हा नबविया म्हणाली, "मेतवल्ली, ऊन फार आहे. डोकं झाकून जा."

लहानपणापासून ती त्याला हेच सांगत आली असणार. तो क्षणभर थांबला, मान हलवली आणि गेला.

त्यानंतरची दुपार ढळता ढळेना. जेवण कोणी नीट जेवलं नाही. मोलोखियाची पालेभाजी पातेल्यात तशीच काळी पडत गेली. शाकिर एकदा म्हणाला, "मी जाऊन बोलू का त्यांच्याशी?" आणि आई म्हणाली, "बस तिथेच. तू वर्षभर बोलतोच आहेस."

वसीला अंगणात आंबवलेल्या पिठाच्या कच्च्या भाकऱ्या उन्हात फुगायला ठेवून त्यांच्यावरच्या माश्या हाकत बसली. आला नाही तर काय, याचा विचार ती करत होती. तिला खलफचं वाईट वाटत होतं. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती कोणापाशी बोलण्यासारखी नव्हती: तिला आता थकवा आला होता. तिला न्याय हवा होता हे खरंच. पण त्याहून जास्त, बसून रडायचं होतं.

तिसऱ्या प्रहराची, अस्रची बांग होऊन सावल्या अंगणभर पसरल्या तेव्हा गल्लीत गलका झाला आणि लगेच थांबला. दारात मेतवल्ली उभा होता.

डोक्यावर पगडी नव्हती. पांढरं, विरळ डोकं वसीलानं प्रथमच पाहिलं. पायांत वहाणा नव्हत्या. आपल्या घरापासून तो तसाच, सगळ्या गावादेखत चालत आला होता. पुढे धरलेल्या दोन्ही हातांवर पांढऱ्या कापडाची घडी होती. हजहून आणलेलं, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं त्याचं स्वतःचं कफन. त्याच्यामागे गल्लीत माणसं उभी होती, पण एकजणही उंबरठा ओलांडत नव्हता.

"गोऱ्यांनी माझ्याकडे नाव मागितलं," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "म्हणाले, रेल्वेचे रूळ कोणी उखडले ते सांग, नाही तर वस्ती जाळतो. बंदूक माझ्या तोंडासमोर. दुसऱ्या कुळाचं घर दाखवलं असतं तर दोन पिढ्या आपल्यात मुडदे पडले असते. म्हणून आपल्यातलंच दाखवलं. दियाब आदल्या दिवशी नदीपलीकडे निघाला होता, मी त्याला होडीकडे जाताना बघितलं होतं. तू भट्टीवर असशील हे मला माहीत होतं. म्हटलं, रिकामं घर आहे. जाळतील. पुन्हा बांधू."

"होड्या बंद होत्या," वसीला म्हणाली. "लष्कराच्या हुकमानं बंद केल्या होत्या. काठावर रात्र काढून ते पहाटे परत आले."

"ते मला गोळ्यांचा आवाज आल्यावर कळलं."

"चार वर्षं तुम्ही माझ्या हातची भाकरी खाल्लीत, मामा."

"खाल्ली." तो म्हणाला. "काय सांगू, पोरी. सांगायला यायचो आणि खाऊन जायचो."

नबविया ओट्यावरून उठली नाही. तिनं पदर तोंडाला लावला होता. "मला विचारू नकोस," ती सुनेला म्हणाली. "तो माझ्या मुलाचा जीव, आणि हा माझ्या आईचा मुलगा. तुझा नवरा. तूच सांग."

वसीलानं मामाच्या पायांकडे बघितलं. तापलेल्या मातीनं ते लाल झाले होते, एका टाचेतून रक्त येत होतं. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की काहीतरी मोठं वाटेल. तसं काही वाटलं नाही. घर रिकामं आहे असं समजणारा एक म्हातारा तिच्यासमोर उभा होता, इतकंच.

"घ्या, भावजी," ती म्हणाली.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. रीतीला ते लागतही नाही. कफन एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की पुरे. पण शाकिरला हातच उचलवेनात. एवढी कलमं हाताळणारा माणूस, आणि त्याला कापडाची एक घडी कशी धरायची ते कळेना. "टोपी काढून ठेव," आई म्हणाली. त्यानं टोपी चटईवर ठेवली, पुढे झाला, आणि मामाच्या हातांवरून कफन उचलून घेतलं. मग दोघंही एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे राहिले. ईदसाठी बांधलेला मेंढा कोणीतरी गोठ्यातून ओढत आणला. माणसाच्या जागी त्याचा बळी गेला. उंबरठ्यावर रक्त वाहिलं तेव्हा गल्लीतली माणसं एकेक करून आत आली.

शाकिरनं कोटाच्या खिशातून कागद काढला आणि जांभळ्या शाईची डबी उघडली. वसीलानं अंगठा बुडवला. त्या गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव तिला आता कधीच कळणार नव्हतं. कुठल्या तरी गावी तो आपल्या बागेत बसत असेल, आणि कायदा त्याला सांगेल की त्यानं काही केलंच नाही. हे तिला बोचत होतं, आणि मरेपर्यंत बोचत राहणार होतं. तिनं अंगठा टेकवला. सनिय्या मागून येऊन तिच्या गळ्यात पडली. 'ताई, ताई,' यापलीकडे तिला काही बोलता येईना.

तेवढ्यात आतून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्.

नबवियानं पेटीच्या तळाशी कापडात बांधून ठेवलेला लाकडी खल काढला होता आणि ती कॉफीचे दाणे कुटत होती. तो आवाज भिंतींवरून पलीकडे गेला. शेजारच्या अंगणात जात्याची घरघर थांबली. त्याच्या पुढच्या घरात कोणीतरी पोरांना गप्प केलं. कोणत्या घरात खल वाजतोय आणि का वाजतोय, हे नजा सवाकीत कोणाला सांगावं लागलं नाही.

कॉफी उकळून वर आली तेव्हा सूर्य खजुरांच्या मागे गेला होता. म्हातारीनं पहिला पेला भरला, साखरेचा कण न घालता, आणि तो भावालाही नाही, मुलालाही नाही, सुनेसमोर आणून धरला.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुला लागो, पोरी," ती म्हणाली.

याला उत्तर असतं. 'तुमचं आयुष्य सलामत राहो,' एवढंच म्हणायचं असतं. वसीलानं ते म्हणायला तोंड उघडलं, आणि चार वर्षं गिळलेलं रडणं मोठ्यानं बाहेर आलं. गच्चीवरच्या बायकांनी ते ऐकून आपापल्या काळ्या शाली डोक्यावरून घेतल्या आणि त्या खाली उतरून गल्लीला लागल्या.